हरल्यावरचा चहा

पहिली पाळी सुटल्याचा भोंगा होऊन गेला होता. टाइम ऑफिसला कुलूप लावून मी गेटबाहेर आलो, तर हुसेनभाई सायकल हातात धरून उभे. हुसेनभाईंचं बाजारात शिलाईचं दुकान आहे आणि दुपारी ते दुकान सोडून कुठं जात नाहीत, हे मला माहीत होतं. जवळ गेलो. ते म्हणाले, "अण्णा गये, दादा. खाना खाके लेटे, सो उठेच नै."

त्या क्षणी मला आधी वाईट वाटायला हवं होतं. गुरुपाद अण्णांना मी वीस वर्षांहून जास्त काळ ओळखत होतो. पण मनात पहिला विचार आला तो हा, की आता मनोहरला कसं सांगायचं? मनोहर माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याचं मन असं काही आजारलं होतं की तो खोलीतून बाहेर येत नव्हता. त्या खोलीतून त्याला बाहेर आणलं ते गुरुअण्णांनी. आता तेच गेले म्हटल्यावर हा पुन्हा आत जाऊन कडी लावील की काय, ही भीती मिलच्या गेटपासून घरापर्यंत माझ्या बरोबर चालत आली. घरी तो उंबऱ्यात बसून फुटबॉलच्या मैदानावर जाण्यासाठी मोजे चढवत होता. मी जे झालं ते सांगितलं. पायात चढवलेला मोजा त्यानं काढला आणि दोन्हींची गुंडाळी केली. मग म्हणाला, "आज मग सराव नाही." एवढंच.

लिंगायत रिवाजाप्रमाणं गुरुअण्णांना बसवून, फुलांनी सजवून नेलं. मनोहर सगळी वाट त्यांच्या उजव्या अंगानं चालला. घरी आला, अंघोळ केली आणि खाटेवर जाऊन पडला.

हे लिहायला बसलो त्याला एक कारण आहे. अंत्ययात्रेतच एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नक्की कशानं गेले हो?" नंतर आणखी काही जणांनी विचारलं. प्रश्नाचा रोख मला कळत होता. गुरुअण्णा स्वतः एकेकाळी मनानं आजारी होते, गोळ्या घेत होते, हे गावाला ठाऊक होतं. ज्याचं डोकं एकदा बिघडलं तो साध्या मरणानं मरू शकत नाही, असं लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं. मी मिलमध्ये टाइमकीपर आहे, कामगारांची हजेरी लिहितो. ज्याची नोंद चुकीची झाली त्याला ती दुरुस्त होईपर्यंत झोप लागत नाही, हे मी रोज पाहतो. म्हणून डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारलं. गुरुअण्णा हृदयविकारानं गेले. त्यांच्या पत्नी नीलव्वा यांनीही मी न विचारता सांगितलं. त्या कानडी घरातल्या, मराठी जपून बोलतात. म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड नव्हतं, भाऊ. इकडं तोंड करून झोपले होते. माझ्याकडं." भिंतीचं त्या का बोलल्या, ते पुढं येईल.

गुरुअण्णा मूळचे दुधनीचे. फुटबॉल चांगला खेळतात म्हणून मिलनं त्यांना सोलापुरात आणलं. कागदावर ते घडीखात्यात होते, पण खरं काम मिलच्या टीममध्ये बॅक म्हणून खेळण्याचं. सुरुवातीला अनवाणी खेळत, बूट नंतर आले. दिसायला बुटके, मानेत जाड, आणि समोरून माणूस बॉल घेऊन आला तरी घाई म्हणून नाही. त्यांच्या बाजूनं गोल फार क्वचित व्हायचा. मी मैदानावर जायचो ते खेळ कळतो म्हणून नव्हे. या माणसाला पाहिलं की दिवसभराची कटकट कमी व्हायची, म्हणून जायचो. पुढं गुडघा गेला. टीममधून नाव निघालं आणि मिलनं त्यांना खरोखरच घडीखात्यात बसवलं. दिवसभर कापड घडी करायचं. त्यानंतर एका पावसाळ्यात ते कामावर यायचेच थांबले. मी चौकशीला घरी गेलो, तेव्हा दिवसाउजेडी ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले होते. नीलव्वांनी कानडीत दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत. मी त्यांच्या पाठीशी बोललो आणि चहा पिऊन परत आलो.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की रोज संध्याकाळी घराबाहेर पडायचंच, मग कुठंही जा. गुरुअण्णांना मैदानाशिवाय जागा माहीत नव्हती. तिथं जाऊन ते कडेनं नुसते फेऱ्या मारायचे. काही महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडं येणारा आणखी एक जण त्यांच्या बरोबर फेऱ्या मारू लागला. मग तिसरा आला. असं ते वाढत गेलं. यात कुणी काही ठरवून केलं असं मला वाटत नाही. त्यांच्या आसपास गिरणीतले, मागावरचे काही धडधाकट खेळाडूही जमले, हुसेनभाईही आले. आजारी कोण आणि बरा कोण, हे लांबून कळायचं नाही. गावानं मात्र एकच नाव ठेवलं होतं... येड्यांची टीम.

मनोहरचं काय झालं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो कचेरीत कारकून होता, काम चोख. आधी त्याची दाढी थांबली, मग कचेरीत जाणं, मग बोलणं. आईवडील नव्हते, त्यामुळं सल्ले सगळे माझ्याकडं यायचे. एक जण म्हणे लग्न करून टाका, दुसरा म्हणे अंगारा लावा, तिसरा म्हणे पुण्याच्या मनोरुग्णालयात ठेवून या, तुमच्या मुलांच्या लग्नात अडचण नको. माझी पत्नी शालन रात्रंदिवस त्याच्या खोलीच्या दाराकडं कान लावून वावरायची. दोघंही थकलो होतो. शेवटी मी गुरुअण्णांना गाठलं आणि सरळ विचारलं, "फुटबॉलनं हे बरं होतं का?"

"न्हाय," ते म्हणाले. "फुटबॉलनं गुडघा जातोय. डागदराकडं न्या आधी. गोळी चालू झाली की मंग हितं आना."

"आणि इथं काय करणार?"

तेव्हा त्यांनी मला जेऊर स्टेशनची गोष्ट सांगितली. पुण्यात गिरण्यांच्या टीमची मोठी स्पर्धा होती. शेवटच्या सामन्यात गुरुअण्णांनी आपल्या गोलकीपरकडं बॉल मागं दिला, तो त्याच्या हातातून निसटून आपल्याच गोलात गेला, आणि टीम हरली. परतीच्या गाडीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. "शिवी दिली असती तरी बरं हुतं की. सगळी डब्यात माझ्याकडं पाठ करून बसलेली." जेऊरला गाडी थांबली, ते पाणी प्यायला उतरले आणि गाडी सुटली तरी बाकावर बसून राहिले. टीमला कळलं ते थेट कुर्डुवाडीला. "स्टेशनातला हमाल आला. म्हनला, कुटं जायाचंय? म्हनलं, कुटं न्हाय. मंग त्यो बी शेजारी बसला. भाकर काढली, अर्धी मला दिली. एक शबूद बोलला न्हाय. पुढची गाडी आल्यावर उठवून बसीवलं मला." मग म्हणाले, "हितं आमी तेवडंच करतो, टायमकीपर. जास्त काय येत न्हाय."

मनोहरला गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी मी त्याला हाताला धरून मैदानावर नेला. तिथली रीत अशी होती की नव्या माणसाला बॉल द्यायचा नाही. त्यानं कुणाच्या तरी सोबत कडेनं चालायचं. बोलायचं असेल तर बोलायचं. बॉल त्यानं स्वतः मागितला तरच द्यायचा. मनोहर पूर्ण हिवाळा चालला. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा हुसेनभाईंना म्हणाला, "इकडं द्या की." हुसेनभाईंनी दिला. मनोहरनं लाथ मारली ती बॉलला लागलीच नाही. गुरुअण्णा लांबून ओरडले, "आता जमायला लागलं!" मनोहर हसला. मी त्याला हसताना पाहिल्याला एवढे महिने झाले होते की तो कुणाकडं तरी पाहून हसतोय असं वाटून मी मागं वळून पाहिलं.

दुसरी रीत चहाची. टीम हरली की ज्याच्या चुकीनं गोल झाला त्याच्या घरी सगळ्यांनी चहाला जायचं, त्याच संध्याकाळी. जेऊरच्या बाकावर कुणाला बसू द्यायचं नाही, एवढंच त्यामागं होतं. पण घरच्या बायकांना ती रीत फारशी आवडायची नाही. साखर रेशनवर. हरायचं प्रमाणही कमी नव्हतं. शालननं एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "हरलात की आमच्याकडं. आणि जिंकलात की कुठं जाता हो?"

"हाटेलात, अक्का. जिंकल्यावर कुनीबी पाजतंय की."

मनोहरला सामन्यात उतरवण्याची घाई गुरुअण्णांनी केली, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. समोर तगडी टीम होती, बघ्यांची गर्दी होती. सुरुवातीलाच बॉल मनोहरच्या पायाशी आला आणि तो नुसता उभा राहिला. समोरचा त्याला वळसा घालून गेला आणि गोल झाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए येड्या, नाटकातला खांब हाइस का रं?" सगळे हसले. त्यानंतर आणखी दोन गोल झाले. सामना संपताच मनोहर कुणाची वाट न पाहता घरी आला, आतल्या खोलीत गेला आणि कडी लावली. ती कडी सरकल्याचा आवाज मला ओळखीचा होता. शालन ओट्यापाशी खाली बसली. दोघांच्या मनात एकच होतं... गेलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इतक्यात जिन्यावर बूट वाजले. घामेजलेली, धुळीनं भरलेली सबंध टीम आमच्या चाळीच्या गॅलरीत येऊन बसली. गुरुअण्णा दारात.

शालन उसळली. "आत तो कडी लावून बसलाय, आणि तुम्हाला चहा सुचतोय?"

"अक्का, चहा त्येच्या घरी ठरलाय. त्यो बाहेर न्हाय आला तर न्हाय. आमी आत जानार न्हाय, दार बी वाजवनार न्हाय. पर चहा व्हायाच पायजे."

तिनं रागारागानं पातेलं चढवलं. बाहेर या मंडळींनी सामन्याची चर्चा सुरू केली. चर्चा कसली, भांडणच. हुसेनभाई म्हणाले पहिला गोल मनोहरमुळं. कुणी म्हणालं दुसराही त्याचाच. गुरुअण्णा म्हणाले, "तिसरा बी लिव्हा त्येच्याच नावावर. सगळं एका जागी असलं की बरं." मला इतका राग आला की मी त्यांना उठून जायला सांगणार होतो. दाराआड माणूस बसलाय आणि हे असं बोलतात?

"दुसऱ्या गोलाच्या टायमाला त्यो हुता कुटं पर?" गुरुअण्णांनी विचारलं.

"सोया होगा," हुसेनभाई म्हणाले.

तेव्हा बंद दारातून आवाज आला. "दुसरा गोल माझा नाही."

शालनच्या हातात साखरेचा चमचा तसाच.

"मंग कुनाचा?" गुरुअण्णांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"हुसेनभाईंचा. त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. ते खाली वाकून बांधत होते."

"अरे, नाडी क्या—" हुसेनभाई उठलेच. बाकीचे हसत सुटले.

"आनि तिसरा?"

"तिसरा कुणाचाच नाही. तो त्यांनी चांगला मारला."

"आनि पहिला?"

पातेल्यातला चहा वर येत होता, तो कुणी उतरवला ते मला आठवत नाही.

"पहिला माझा."

"म्हंजे एकच की!" गुरुअण्णा म्हणाले. "अक्का, एकाच गोलाचा चहा टाका. साखर कमी लागंल."

कडी निघाली. मनोहर बाहेर आला, कुणाकडं न पाहता हुसेनभाईंच्या शेजारी बसला, आणि शालननं त्याच्या हातात कप दिला. आमच्या घराण्यात चुकीचा हिशेब कुणाला सहन होत नाही. माझ्या वडिलांना होत नव्हता, मला होत नाही, त्यालाही झाला नाही. पुढं कधीतरी मी गुरुअण्णांना विचारलं, ते सगळं मुद्दाम केलंत ना? त्याची नस ओळखून? ते गोंधळले. "न्हाय हो. आमी खरंच भांडत हुतो."

गुरुअण्णा सगळ्यांना बरं करायचे असं मी लिहिणार नाही. तसं नव्हतं. काही जण येऊन परत गेले. एकाच्या घरच्यांनी त्याला कोंडून ठेवला. एकानं गोळ्या सोडल्या आणि गाव सोडलं, त्याचा पुढं पत्ता लागला नाही. त्या माणसाच्या शोधात गुरुअण्णा गुडघा ओढत किती गावं फिरले! त्यांना वाटायचं, तो कुठल्या तरी स्टेशनवर बसलेला असेल. खेळाडूंना ते एकच गोष्ट बजावायचे, "बूट सोडा, गोळी सोडू नका. डागदर थांब म्हनल तवा थांबायचं." ते स्वतः शेवटपर्यंत दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे, आणि बरोबर आणखी एखादा नवा माणूस असायचा.

शेवटची भेटही त्या रांगेतच झाली. मी मुलीच्या तापासाठी गेलो होतो. गुरुअण्णा भिंतीला टेकून उभे होते आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

"काय टायमकीपर."

"दमलेले दिसता."

"व्हय. लई दमलो आता. मानसं इचारत्यात, आमचा पोरगा बरा हुईल का? काय सांगू? मी बी अजून बघतोयच की, मी बरा हुतो का ते."

"मग थोडे दिवस सोडा सगळं. घरी पडा."

"घरी भिंत हाय," ते म्हणाले आणि हसले. मग माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "तुमी बी दमलाय. तुमाला कुनी इचारत न्हाय व्हय?"

माझा नंबर आला म्हणून मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते नव्हते.

त्यांच्या जाण्यानंतर मनोहर पेढीवर जात होता. सूतबाजारात एका पेढीवर तो आता हिशेब पाहतो. गोळ्या घेत होता. पण घरी आला की खाटेवर पडायचा, आणि मैदानाचं नाव काढायचा नाही. मैदानावर कुणीच जात नव्हतं. शालननं पुन्हा त्याच्या दाराकडं कान लावून वावरायला सुरुवात केली आणि मी पाळी सुटली की धावत घर गाठू लागलो. आम्ही आता पहिल्याइतके तरुण नाही. पुन्हा तेच सगळं करण्याची ताकद आपल्यात आहे का, हे मी मनाशी पुष्कळदा तपासून पाहिलं. उत्तर चांगलं येत नव्हतं.

गेल्या शनिवारी घरी पोचलो तर शालन जिन्यातच उभी. "तो घरात नाही. पेढीवरून आला, चहाही न घेता गेला." मी पिशवी तिच्याकडं दिली आणि निघालो. लपवत नाही, पाय आधी रेल्वे लाइनकडं वळले. फाटकापर्यंत गेलो. तिथं काही नव्हतं. गेटमन बिडी ओढत होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि "काय दादा?" म्हणून विचारलं. मी मागं फिरलो. मग मैदानाकडं गेलो.

मनोहर मैदानावर होता. शेजारी चुन्याचं घमेलं, हात कोपरापर्यंत पांढरे. रविवारच्या सामन्यासाठी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम गुरुअण्णा शनिवारी स्वतः करायचे. त्यासाठी एक लांब सुतळी ताणावी लागते, आणि तिचं एक टोक कुणीतरी कोपऱ्यात उभं राहून धरावं लागतं. ते टोक ते कुणाच्या हातात देत याच्याकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"उद्या सामना आहे?" मी विचारलं.

"नाही. टीमच जमली नाही अजून."

"मग?"

त्यानं खांदे उडवले. एकट्यानं दगडाला सुतळी बांधून बघितली होती, ती सुटली होती आणि पहिली रेघ निम्म्यातून वाकडी गेली होती. त्यानं सुतळीचं टोक उचलून माझ्याकडं आणलं.

"दादा, हे धरता? अण्णा म्हणायचे, या आठवड्यात जो सगळ्यात दमलाय त्यानं धरायचं. त्याला दुसरं काही करावं लागत नाही. नुसतं उभं राहायचं."

मी टोक धरलं. तो घमेलं घेऊन, मागं मागं चालत, वाकून चुना सोडत लांब गेला. उतरतं ऊन डोळ्यावर येत होतं, पाय दुखत होते, आणि हात जरा खाली आला की सुतळी जमिनीला टेकायची. तो तिकडून ओरडायचा, "दादा, वर!" मी हात वर करायचो.